यादीतले अकरावे नाव

परळ, मुंबई १२
१८ जुलै १९५७

ती. सीतारामकाकांस रामदासचा नमस्कार.

नेहमीप्रमाणे दोन कागद पाठवीत आहे. शाईने लिहिलेला आईला वाचून दाखवावा. हा पेन्सिलीचा तुमच्या एकट्यासाठी आहे, वाचून झाल्यावर चुलीत घालावा.

गुणाजीला जाऊन आज अठरा महिने झाले. दर अठरा तारखेला नलू भाकरी आणि ठेचा करते. त्याला आवडायचा म्हणून, असे ती म्हणत नाही. आम्ही दोघे तेच जेवतो.

काका, आईच्या डोळ्याचे ऑपरेशन होऊन पट्टी बांधलेली होती, डॉक्टरांनी महिनाभर रडायचे नाही म्हणून बजावले होते, आणि नेमकी तेव्हाच धाकटा भाऊ गेल्याची ती बातमी तुम्हाला कळवावी लागली. तिला सांगायचे नाही हे आपण त्या एका महिन्यापुरते ठरवले होते. पुढे दहाव्याला माझे डोके भादरलेले, केस वाढेपर्यंत मला गावी येता येईना. तोपर्यंत आपण पत्रांतून गुणाजीला सोलापूरच्या गिरणीत पाठवून बसलो होतो. तिथून त्याला परत कसा आणायचा, मला कळत नाही.

आईने सोलापुरी चादर मागितली होती. हिंदमाताजवळच्या दुकानातून घेतली, दुकानाची चिठ्ठी काढून टाकली आहे. पार्सल वेगळे येईल.

आपला
रामदास

(दुसरा कागद, शाईने)

ती. आईस साष्टांग नमस्कार. आम्ही दोघे खुशाल आहोत. गुणाजीचे पत्र होते. त्याला दुसरी पाळी आहे, सुट्टी मिळत नाही म्हणतो. त्याने माझ्याकडे चादर धाडली ती पुढे पाठवतो. पेटीत ठेवू नको, अंगावर घे, असे त्याने दोनदा लिहिले आहे. डोळ्यात औषध घालत जा.

*

खडकवाडी, जि. सातारा
६ ऑगस्ट १९५७

चि. रामदास यास सीतारामचे आशीर्वाद.

चादर पोचली. जाईवहिनींनी ती दोन्ही हातांनी ताणून पाहिली आणि म्हणाल्या, "दीड वर्षात एक चादर. मुंबईत होता तर दर दिवाळीला लुगडं आणायचा. सोलापूरनं चेंगट केला त्याला." मी हसलो. तुला एक सांगतो. तुझ्या चार ओळींनी त्यांचे समाधान होत नाही, म्हणून वाचताना मी पदरची दोन वाक्ये घालतो. मागच्या खेपेला गुणाजीला खोकला झाला होता, तो मी बरा केला.

आता जे लिहितो ते शांतपणे वाच.

मी महिनाभर लेकीकडे होतो. तेवढ्यात इथे विहिरींसाठी सरकारी अनुदानाचे अर्ज भरून घेतले. ही तगाई नव्हे, परत करायची नाही. विहिरीचा निम्मा खर्च सरकार देणार. पूर्वी असा पैसा कुणाला मिळाला ते पाटलाला ठाऊक आणि तलाठ्याला ठाऊक. मागे एकाने न खणलेल्या विहिरीचे पैसे घेतले, ते गावाला तीन वर्षांनी कळले. म्हणून आता मंजूर झालेल्यांची यादी चावडीच्या भिंतीवर महिनाभर लावायची, असे ठरले आहे. नाव, रान, रक्कम, सगळे. हे झालेच पाहिजे म्हणून पंचायतीत सर्वांत जास्त मीच बोललो होतो. मास्तरकी सुटली तरी जीभ सुटत नाही.

परवा गाडीतून उतरलो तो थेट चावडीवर गेलो. सोळा नावे आहेत. अकरावे, गुणाजी राजाराम शेवाळे, माळाचे रान, विहीर, रुपये सातशे पन्नास.

वहिनींनी आई म्हणून अंगठा देऊन त्याचा अर्ज भरला. उताऱ्यावर माळ अजून त्याच्याच नावावर आहे, कारण तो गेल्याचे आपण कुणी कळवलेच नाही. मी विचारले, हे कशाला केलेत? तर म्हणाल्या, चिंचणीच्या चंपाचा बाप कोरड्या रानात मुलगी द्यायला कांकू करतो. वहिनींनी त्याला सांगून ठेवले आहे, विहिरीला पाणी लागले की त्याच महिन्यात अक्षता. ती मुलगी गुणाजीसाठी दीड वर्ष थांबली आहे, रामदास. मला हे माहीत नव्हते.

पैसे घेताना अर्जदाराने स्वतः यावे, नाहीतर सहीचे मुखत्यारपत्र पाठवावे, असा नियम आहे. गुणाजीची सही तुला येते. विहीर काही खोटी होणार नाही, तिथे पाणी आहे. बोलू नये ते बोलतो आहे. पण वहिनींचे तोंड बघून मला दुसरे काही सुचत नाही.

तुझा
सीतारामकाका

*

परळ, मुंबई १२
१३ ऑगस्ट १९५७

ती. सीतारामकाकांस नमस्कार.

तुमचे पत्र शुक्रवारी मिळाले. उत्तराला चार दिवस लागले, माफ करावे.

ती सही मला करता येणार नाही.

तुम्ही म्हणाल, आईच्या कागदावर अठरा महिने लिहीत आलास तेव्हा हात कापला नाही. ते खरे आहे. पण मी वॉर्ड ऑफिसात कोणत्या टेबलावर बसतो हे तुम्हाला ठाऊक आहे. मयतांच्या नोंदी करतो. गुणाजी गेला त्यानंतर चार दिवसांनी मी कामावर गेलो. रजिस्टरात त्या आठवड्यातली खूप नावे होती. माझ्या शेजारी रघुवीर बसतो, त्याने एक जागा कोरी ठेवली होती. त्याने रजिस्टर माझ्याकडे सरकवले आणि विचारले, तू लिहितोस की मी? मी लिहिले. नाव, वय सव्वीस, कारण गोळी लागून, आणि खाली माझी सही. त्याच हाताने तो हयात आहे असे सरकारला कसे लिहू?

शिवाय सोळांच्या मागे कुणीतरी सतरावा असेलच. त्याची विहीर मी अडवली, असे होईल.

तेव्हा मी असे केले आहे. अर्जदार मयत आहे, नाव कमी करावे, अशी हरकत लिहून आणि मयतीचा दाखला जोडून आज तालुक्याच्या कचेरीला रजिस्टर पोस्टाने पाठवली. तुम्ही काळजी करू नये. असे कागद आमच्याकडे रोज येतात. कारकून नावावर रेघ मारतो, कोपऱ्यात सही करतो, फाईल बंद होते. कुणाला काही कळत नाही. आईला फक्त एवढे सांगावे की यंदा मंजुरी बसली नाही, पुढच्या वर्षी बघू.

दिवाळीत मी येईन. तेव्हा मी स्वतः तिला सर्व सांगेन. हे मी पूर्वीही लिहिले आहे, मला आठवते.

आपला
रामदास

*

खडकवाडी
१८ ऑगस्ट १९५७

चि. रामदास,

तुझे पत्र परवा मिळाले. हातातला पेला खाली ठेवून ताबडतोब ग्रामसेवकाकडे गेलो, आडूनआडून विचारले. तुझी समजूत चुकली आहे. इथे हरकती फायलीत जात नाहीत. यादी जशी उघड, तशी हरकतही उघड. रविवारी २५ तारखेला सकाळी दहाला चावडीसमोर सभा आहे. सोळाही नावे मोठ्याने वाचायची, ज्याच्यावर हरकत आली असेल ती कुणी घेतली आणि का घेतली, तेही वाचायचे. हा नियमही माझाच. चोरून कुणाचे नाव कापले जाऊ नये, म्हणून मी तो घालायला लावला.

आणि सभेला अर्जदारांच्या घरचे माणूस हजर पाहिजे. वहिनींनी नवे लुगडे काढून ठेवले आहे.

मी तीन वेळा त्यांच्या घरी गेलो. तिन्ही वेळा ताक पिऊन परत आलो. काल त्याच म्हणाल्या, "सीताराम, काय बोलायचंय ते बोल की, का नुसतं ताक संपवायला येतोस?" मी म्हटलं, ताक चांगलं असतं तुमचं.

माझ्याने होणार नाही. तू शनिवारी रात्रीच्या गाडीने नीघ, रविवारी उजाडता सातारा रोडला उतर, पहिल्या एस.टी.ने नऊपर्यंत इथे पोचशील. स्टँडवर मी माझ्या नातीला, मालनला उभी करतो. सभेच्या आधी एक तास मिळेल. तुझ्या तोंडून कळू दे.

सीताराम

*

खडकवाडी
२६ ऑगस्ट १९५७

चि. रामदास,

मालन स्टँडवर दोन गाड्या होईपर्यंत उभी होती. सातवीत जाते, पण सांगितलेल्या जागेवरून हलत नाही. तू आला नाहीस. का, ते मी विचारीत नाही.

काय झाले ते मात्र तुला कळले पाहिजे.

वहिनी पुढेच बसल्या होत्या, बायकांच्या बाजूला. सत्तर-ऐंशी माणूस होते. ग्रामसेवक पोरगा सरळ आहे, त्याला आपल्यातले काही ठाऊक नाही. हरकती त्याला वरून मोहोरबंद पाकिटात त्याच सकाळी आल्या. त्याने ते सर्वांसमोर फोडले. मी उठून त्याच्या कानात सांगायला हवे होते. उठलो नाही. एक नाव सोडून पुढे वाच, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

दहा नावे झाली. मग तो वाचू लागला. अकरा, गुणाजी राजाराम शेवाळे. नाव कमी. कारण, अर्जदार मयत, मुंबई, दिनांक अठरा जानेवारी एकोणीसशे छप्पन्न. हरकत घेणार, भाऊ, रामदास राजाराम शेवाळे. दाखला सोबत.

पुढचे नाव वाचायला त्याने तोंड उघडले, पण लोक त्याच्याकडे बघत नव्हते, ते पाहून थांबला.

वहिनी म्हणाल्या, "परत वाच, बाळा."

त्याने वाचले. त्याचा आवाज उतरला होता. वहिनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होत्या. मग त्यांनी मान वळवली आणि एवढ्या माणसांत मला शोधून काढले.

"सीताराम," त्या म्हणाल्या, "मग सोलापूरहून कोण लिहीत होतं?"

चाळीस वर्षे मी पोरांना उत्तरे शिकवली. 

त्या उठल्या आणि चालू लागल्या. घरी गेल्या नाहीत, माळावर गेल्या. विहिरीची जागा चुन्याने आखून ठेवली होती, त्या गोलात जाऊन बसल्या. बायका मागोमाग गेल्या, त्यांना हाताने परतवले. मला लांबूनच परतवले. मालन तेवढी जवळ जाऊन बसली, तिला काही म्हणाल्या नाहीत. उन्हं उतरल्यावर पोरीनेच हाताला धरून घरी आणले.

रडल्या की नाही मला माहीत नाही. मालन सांगत नाही.

त्या जागी आता गावातल्या बकुळाचे नाव लागले आहे. ती सतरावी होती.

सीताराम

*

परळ, मुंबई १२
३ सप्टेंबर १९५७

ती. आईस,

या वेळी एकच कागद आहे. काकांनी वाचला तर जसाच्या तसा वाचावा, पदरचे काही घालू नये. मालनने वाचला तर बरे.

मी शनिवारी निघालो होतो. बॅग घेऊन दादरला आलो, तिकीट खिशात होते. गाडी आली, मी बाकावरून उठलो नाही, गाडी गेली. घरी परत आलो तेव्हा नलूने बॅग हातातून घेतली. बॅगेतले कपडे काढून पुन्हा खुंटीला लावले. मी तुझ्यासमोर उभा राहायला घाबरलो.

आणि हे पहिल्यांदा झालेले नाही. ते आता सांगतो. हे काकांनाही ठाऊक नाही.

त्या दिवशी दुपारपासून लालबागच्या बाजूने गोळीबाराचे आवाज येत होते. ऑफिस लवकर सोडले. बाकीची माणसे चौघे चौघे मिळून निघाली. मला म्हणाली, चल. मी टेबलापाशीच बसून राहिलो. आमचा शिपाई दगडू आपल्या चाळीवरून जाणार होता. मी त्याला सांगितले, वर जाऊन गुणाजीला निरोप दे, मला न्यायला ये म्हणावे.

गुणाजी रात्रपाळी करून झोपला होता. दगडूने हाक मारून उठवले. दगडू सांगतो, तो हसला आणि म्हणाला, "साहेब घाबरले वाटतं आमचे. आणतो." सदरा अंगात अडकवला आणि निघाला. नलू म्हणाली, चहा घेऊन जा. तो म्हणाला, दोघं आल्यावर घेतो.

माझ्या ऑफिसच्या अलीकडच्या नाक्यावर त्याला गोळी लागली. मी आत खिडक्या लावून बसलो होतो. मी आवाज ऐकला. बाकीच्यांसारखाच एक, असे मला वाटले. सहा वाजेपर्यंत मी त्याची वाट बघत बसलो आणि मनात त्याच्यावर चिडत होतो की अजून कसा येत नाही.

चाळीतल्या लोकांनी खालच्या फळ्यावर त्याचे नाव लिहिले आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी गेला म्हणतात. समितीची सभा असली की हार घालतात, मला पुढे उभे करतात. तो मोर्चात नव्हता. मुंबई महाराष्ट्राला मिळावी असे त्यालाही वाटायचे, पण त्या दिवशी तो भावाला आणायला चालला होता. हे मी कुणाला सांगितलेले नाही. 

तुझ्या डोळ्यासाठी तुला सांगितले नाही, हे खरे होते, पण महिनाभरच. पुढचे अठरा महिने माझ्यासाठी होते. तुला कळले असते तर तू विचारले असतेस, तो तिकडे कशाला गेला होता?

माझी काही मागणी नाही.

तुझा
रामदास

*

खडकवाडी
१९ सप्टेंबर १९५७

रामदास,

आजी सांगते तसं मी मालन लिहिते आहे. एकही शब्द बदलायचा नाही असं आजीने सांगितलं आहे.

तुझं पत्र मालनने दोनदा वाचलं. सीतारामाला हात लावू दिला नाही.

तू घाबरलास. लहानपणी ओढ्याला पाणी आलं की तू अलीकडं उभा राहून त्याला हाक मारायचास. तो धाकटा असून तुला न्यायला यायचा. मग त्या दिवशी दुसऱ्या कुणाला बोलावणार होतास? आणि बोलावल्यावर तो आला नसता तर मला नवल वाटलं असतं. त्याचं मी तुला काही म्हणत नाही. नलूला सांग, चहा राहिला त्याचं मनाला लावून घेऊ नको.

पण दर अमावस्येला मी सोलापूरकडं तोंड करून त्याची दृष्ट काढली. संक्रांतीचा तिळगूळ डब्यात ठेवला, दोन वर्षांचा. मी कुणाची दृष्ट काढत होते? त्याचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा मी इथं काय खात होते, ते आठवत बसते आणि मला आठवत नाही.

चिंचणीला मी स्वतः जाऊन आले. चंपाच्या बापाला सांगितलं. त्यांच्याकडं पाणी घेतलं नाही. चंपा वेशीपर्यंत पोचवायला आली. मी म्हटलं, पोरी, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, ठाऊक आहे. तिचं एवढं वय तू कुठल्या कागदावर लिहून परत देणार आहेस?

चादर मुंबईचीच ना? घडी मोडली आहे, म्हणून परत पाठवत नाही.

तुम्हाला माझ्या डोळ्याची काळजी होती. डोळा शाबूत आहे. त्या डोळ्यानं मी रोज चावडीवर जाऊन बघत होते. मला वाचता येत नाही, म्हणून त्या ग्रामसेवकाने बोट ठेवून अकरावी ओळ दाखवली. वरून तांबडी रेघ मारली आहे, पण नाव खाली दिसतं. पोरगा माझ्यासमोर आला की खाली बघतो. मी त्याला सांगितलं, तू का खाली बघतोस, तू तर वाचलंस.

महिना झाला, यादी उतरवायची वेळ आली. मी म्हटलं, ती मला दे. तो म्हणाला, मूळ यादी देता येत नाही, पण मागेल त्याला नक्कल मिळते, कुणीही मागावी. मी अंगठा दिला. त्याने बसून सगळी उतरून दिली, रेघेसकट. बाकीच्यांच्या विहिरी पण आहेत त्यात. असू देत.

तुमची पत्रं पेटीत होती, पहिल्यापासूनची. ती बांधून सीतारामाच्या ओट्यावर ठेवून आले. पेटीत आता ती नक्कल आहे. गुणाजीचं खरं लिहिलेलं माझ्याजवळ तेवढंच आहे.

दिवाळीला ये. येतो म्हणून लिहू नको. ये.

आजीने खाली अंगठा केला आहे.
मालन